मदत हवी आहे: काळं शिल्प, पिवळा पट्टा आणि खाली पीठ

मंडळी, १९५०-६० च्या काळातली लाकडी शिल्पं जमवायला लागून वर्ष झालं. आजवर डॅनिश सागवानी प्राणीच घेतले, तिथे निदान ठसा तरी बघता येतो. गेल्या आठवड्यात मोह झाला आणि माकोंडे (पूर्व आफ्रिकेतली कोरीवकामासाठी नावाजलेली जमात) शिल्प घेतलं: एकमेकांच्या अंगावर चढलेल्या माणसांचा मनोरा, हातभर उंच, भलताच जड. विकणारा म्हणाला, "१९६० च्या आसपासचं, अस्सल एबनी (आबनूस)."

घरी बुडाला स्पिरिटचा बोळा फिरवला तर बोळा काळा! मागे पिवळट लाकडाचा पट्टा आहे, त्यात टाचणीच्या डोक्याएवढी सात-आठ भोकं. उचललं की खाली चिमूटभर पीठ.

रंग फासलेलं साधं लाकूड गळ्यात मारलंय का? आणि ही कीड शेजारी ठेवलेल्या, के बोयेसेन या डॅनिश डिझायनरच्या लाकडी माकडात शिरेल का? एकाने रॉकेल चोपडायला सांगितलंय, हात धजत नाही.

प्रतिसाद:
रॉकेल अजिबात नको. डाग पडतील आणि आतली अळी मजेत राहील.

पिवळ्या पट्ट्याने खट्टू होऊ नका. एबनी म्हणून विकलं जाणारं हे लाकूड, माकोंडे कारागीर ज्याला म्पिंगो म्हणतात ते, खरं तर शिसवाच्या कुळातलं. गाभा काळा, सालीलगतचा थर पिवळट, आणि तो पुष्कळदा ठेवलेलाच असतो. कीडही त्यातल्या पिष्टासाठीच येते. काळ्या भागात भोक सापडलं तर मात्र मला शंका येईल. स्पिरिटवर जाऊ नका, खऱ्या म्पिंगोचाही रंग त्यात उतरतो. बुडाला न दिसेल असं जरा खरवडून बघा, आतही काळं असेल तर रंग फासलेला नाही.

सालाबद्दल सांगणं कठीण. अशा मनोऱ्यांना 'उजामा' म्हणतात, स्वाहिलीत 'कुटुंबभाव'. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात तेच तान्झानियाचं धोरण झालं. पण मनोरे आजही कोरले जातात.

प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरेल. मग काळ्या कागदावर ठेवून पीठ पडतंय का बघा. माकडाच्या सागवानाची काळजी नाही, पण तोंडा-पोटाचं फिकट लाकूड 'लिंबा' नावाच्या आफ्रिकी झाडाचं आहे (आपला कडुलिंब नव्हे), ते कीड खाते.

धागाकर्ता:
खरवडलं, आत जांभळट काळं निघालं! भोकं सगळी पट्ट्यातच. माकड दुसऱ्या खोलीत हलवलंय. आता फ्रीझरमधले मटार कुठे हलवायचे, यावर घरात चर्चा चालू आहे.