टर्कीसाठी कोणता चोक? टंगस्टन छर्रे वापरणाऱ्यांनी सांगा

मंडळी, अमेरिकेत मिझुरीत राहतो. एप्रिलमध्ये टर्की पक्ष्याच्या शिकारीचा सीझन उघडतोय आणि मी चोकवर (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी बसवतात तो निमुळता तुकडा) अडकलोय. बंदूक २० बोअरची पंप, नळीचा आतला व्यास ०.६१५ इंच. सोबत आलेला फुल चोक आहे, पण दुकानदार म्हणतो ०.५५५ इंचाचा टर्की चोक घे. इतका आवळ? टंगस्टनचे छर्रे शिशासारखे दबत नाहीत, त्यामुळे जीव धजत नाही.

छर्रे ९ नंबरचे (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक), दीड औंसाचं काडतूस. शिशाची घनता ११ च्या आसपास, टंगस्टनची १८. म्हणून मोहरीएवढा दाणाही खोल घुसतो, हे पटलं. पण रविवारी ४० यार्डांवरून पुठ्ठ्यावर बार टाकला, तर १० इंची वर्तुळात मोजून ७४ भोकं. बाकीची बहुतेक उजवीकडे! निदान शंभर हवीत म्हणतात. एकेक काडतूस दहा डॉलरला पडतं, त्यामुळे प्रत्येक बाराला बायको माझ्याकडे बघते.

०.५६५ किंवा ०.५७५ चा चोक कुणी वापरलाय का? की छर्रेच बदलून ७ नंबरवर जाऊ? आणि छर्र्यांचा पॅटर्न उजवीकडे सरकतोय तो चोकमुळे, की मी माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी) नीट धरत नाही?