मदत हवी आहे: ७९ अ ला सह्या किती टक्के लागतात?

जिनातिसरा: बिल्डिंगला ७९ अ ची, म्हणजे पुनर्विकासाची नोटीस आलीये, सहा महिन्यांची मुदत, त्यातली बरीचशी गेली पण. निम्मे लोक सही द्यायला तयार नाहीत. कोणी म्हणतं ७५ टक्के लागतात, कोणी ५१. नक्की किती? आज रात्री मीटिंग आहे, लवकर सांगा प्लीज. जिन्याला टेकू लावलेत आणि पाऊस तोंडावर आलाय.

माजी_सेक्रेटरी: ५१. ४ जुलै २०१९ चा जीआर काढून वाचा. आधी तीन चतुर्थांशचं होतं, लोक अजून तेच धरून बसतात. पण मीटिंगला दोन तृतीयांश कोरम हवा, बिल्डर निवडताना रजिस्ट्रारचा माणूस हवा, व्हिडिओ शूटिंग पण. पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार, नेमलाय का? कन्व्हेयन्स झालंय, म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर आहे?

स्वयंविकास: बिल्डर हवाच कशाला? सेल्फ रीडेव्हलपमेंट करा, जादा एरिया सगळा मेंबरांना.

माजी_सेक्रेटरी: आणि पैसा कोण उभा करणार? म्हाताऱ्या लोकांनी कर्जाच्या मागे धावायचं का?

स्वयंविकास: बिल्डर मध्येच काम टाकून गेला की भाडं पण बंद होतं, ते आम्ही भोगलंय.

गच्चीवरून: स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला विकता येत नाही हां, २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

जिनातिसरा: कसलं पार्किंग!! आणि कन्व्हेयन्स कुठून आणू, सोसायटीच नाहीये, पागडीची बिल्डिंग आहे, आम्ही सगळे भाडेकरू. मालक फोन उचलत नाही.

गिरगावकर: अहो मग हे आधी सांगायचं ना. वरचं सगळं सहकार कायद्यातलं ७९ अ आहे, तुमचं म्हाडा कायद्यातलं, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठीचं. त्यात पहिले सहा महिने मालकाला, त्याने प्रस्ताव दिला नाही तर पुढचे सहा भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला, तेही गेले तर म्हाडा जागा संपादन करून स्वतः बांधू शकते. ५१ टक्के संमती मालकाला पण लागते, तुम्हाला पण. नोटीस कोणाच्या नावे आहे?

जिनातिसरा: मालकाच्या. म्हणजे आत्ता सह्या त्याने गोळा करायच्या?

गिरगावकर: हो. पण तो हलणार नाही असं धरूनच चला, नियोजित सोसायटीचं ठरवून टाका, भाडेपावत्या गोळा करा. जे अडलेत त्यांना सांगा की ३३(७) मध्ये, म्हणजे अशा इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमात, खोली कितीही लहान असली तरी किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं, बहुतेकांना हेच माहीत नसतं. आणि टेकू लागलेत तर मुदतीची वाट बघू नका, संक्रमण शिबिरासाठी (तात्पुरत्या घरासाठी) म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे उद्याच लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

स्वयंविकास: नियोजित सोसायटी म्हणजे सेल्फच की, मी हेच म्हणत होतो.