मदत हवी आहे: ह्यांचा फोन लागतच नाही

डोंबिवलीकरीण
नमस्कार, जरा अर्जंट आहे म्हणून सरळ विचारते. मिस्टर आर्मीत आहेत, पलटण पुण्याहून हलली आणि तेव्हापासून त्यांचा फोन लागत नाही, कधीही लावा तीच बाई, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ते कुणाच्या तरी मोबाइलवरून करतात पण नेमका संध्याकाळी सातच्या सुमारास, तेव्हा मी फोर्टहून सुटून लोकलमध्ये असते. एका कानात बोट, दुसऱ्या कानाला फोन दाबून नुसतं हां हां करायचं, त्यात मी मागच्या बाईला "अहो ढकलू नका" म्हटलं की हे विचारतात "मी काय केलं?". ठाणं सुटलं की आवाज तुटतो आणि कट. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर आईबाबा दोघांची सही हवीये, ते बोलणं तसंच राहतं. कुठल्या कंपनीचा प्लॅन घेऊ तेवढं सांगा प्लीज.

नेटवर्कवाला
कुठे आहेत ते? ठिकाण कळल्याशिवाय कव्हरेज कसं सांगणार.

निवृत्त_सुभेदार
ठिकाण इथे अजिबात लिहू नका. पलटणीचं नावही नको. पुण्याहून हलली हे तुम्ही लिहिलंत तेवढं पुष्कळ झालं, जमलं तर ते पण काढा.

नेटवर्कवाला
काका मी काय शत्रू आहे का, राज्य तर सांगतील?

डोंबिवलीकरीण
मला एडिटचं बटणच दिसत नाहीये, अ‍ॅडमिन प्लीज पुणे काढा. वर उत्तरेला आहेत, थंडी आहे, एवढंच. बाकी प्लॅनचं सांगा ना कोणीतरी.

लोकलप्रेमी
ठाण्यानंतर कट होणारच, पारसिकचा बोगदा आहे ना.

कळव्याचा_बाळू
फास्ट लोकल आता बोगद्यातून जातच नाही हो, 2022 ला पाचवी सहावी लाइन झाली तेव्हापासून लोकल मुंब्र्यावरून आणि बोगदा मेल एक्स्प्रेसला. लोकलप्रेमी नाव घेऊन असं चालत नाही.

लोकलप्रेमी
मुंब्र्याच्या डोंगराजवळ रेंज जाते का नाही? मग झालं तर. मुद्दा तोच.

परळची_पूजा
ताई, त्यांचा नंबर प्रीपेड आहे का पोस्टपेड?

डोंबिवलीकरीण
प्रीपेड. मीच रिचार्ज करते, संपलेला नाहीये, आत्ताच तीन महिन्यांचा मारलाय.

परळची_पूजा
मग तिथेच घोळ आहे. जम्मू काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, कितीही रिचार्ज मारा. पोस्टपेड चालतं. माझा दीर पण असाच अडकलेला. ते त्या बाजूला असतील (हो नाही इथे लिहू नका) तर कंपनी बदलून काही फरक पडणार नाही, पोस्टपेड करा.

नेटवर्कवाला
हेच मी विचारत होतो!! ऑनलाइन होतं, दुकानातही जावं लागत नाही. ओटीपीवर प्रीपेडचं पोस्टपेड.

परळची_पूजा
आणि ओटीपी कुठे येणार? त्याच नंबरवर. जो तिकडे बंद आहे.

नेटवर्कवाला
मग वहिनींनी स्वतःच्या नावावर पोस्टपेड घ्यायचं आणि सिम स्पीड पोस्टने पाठवायचं. विषय संपला.

निवृत्त_सुभेदार
विषय असा संपत नाही. आमच्या वेळी कोण कुठला नंबर वापरतो ते लिहून घ्यायचे. दुसऱ्याच्या नावाचं सिम युनिटला न विचारता पाठवू नका, चौकशी त्याच्यामागे लागेल, तुमच्यामागे नाही. सुट्टीवर येईल तेव्हा स्वतःच्या नावावर पोस्टपेड करून घेईल. तोपर्यंत पत्र लिहा.

नेटवर्कवाला
पत्र??

निवृत्त_सुभेदार
हो पत्र. हसू नका. फॉर्मवर सही पाहिजे ना, ती काय फोनवरून होते? फॉर्म पाकिटात घालून पाठवा, आत परतीचं पाकीट पत्ता घालून ठेवा. बाहेर त्याचा आर्मी नंबर, रँक, नाव, कंपनी म्हणजे पलटणीतली तुकडी, युनिट, खाली 56 एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस आणि पिन, लष्कराचा पिन 9 ने सुरू होतो. गावाचं नाव घालायचं नाही, पाकीट आधी दिल्लीला जातं आणि तिथून आर्मीची पोस्ट पुढे नेते. पूर्वेकडच्या पलटणींना 99 एपीओ, ते कलकत्त्यावरून. पिन त्यालाच विचारा, अंदाजाने टाकू नका. पाकीट आम्हाला लंगरच्या रांगेत मिळायचं, आधी जेवायचं का आधी फोडायचं हाच प्रश्न असायचा.

नेटवर्कवाला
किती दिवस लागतात पण? शाळा थांबणारे का. सॅटेलाइट फोन असतात ना त्यांच्याकडे, 2017 च्या दिवाळीत जवानांसाठी मिनिटाला 5 वरून 1 रुपया केला सरकारने.

निवृत्त_सुभेदार
असतात. सगळ्या चौकीला मिळून एक, आणि मागे रांग. त्यावर फॉर्म जातो का ते पण सांगा.

फौजीची_बायको
अगं डोंबिवलीत कशाला राहतेस, नवरा फील्डला गेला की फॅमिलीसाठी वेगळं क्वार्टर मिळतं, एसएफ म्हणजे सेपरेटेड फॅमिली म्हणतात, अर्ज टाक. मी तीन वर्षं राहिले, शेजारपाजार सगळा आपल्यासारखाच, मुलांना आर्मी पब्लिक स्कूल. कॅन्टीन कार्ड आहे ना तुझ्याकडे?

डोंबिवलीकरीण
ताई मी क्वार्टर विचारलंच नाहीये, माझी नोकरी आहे, सासूबाई आहेत. सुभेदार काका, शाळेने शुक्रवार सांगितलाय. पत्राने कसं होईल?

परळची_पूजा
शाळेत जाऊन सांग ना, मिस्टर फील्डवर आहेत, आत्ता माझ्या सहीवर घ्या, त्यांची मागाहून देते. लेखी अर्ज दे, सोबत त्यांच्या डिपेंडंट कार्डाची झेरॉक्स जोड. माझ्या जावेचं ऐकलं होतं. आणि फोनचं म्हणशील तर सातचा कॉल दहाला करायला सांग, मित्राचाच फोन असला तरी.

डोंबिवलीकरीण
दहाला मित्राची ड्यूटी असते. सातच.

लोकलप्रेमी
मग ठाण्याला उतरून बोला आणि पुढची पकडा.

कळव्याचा_बाळू
सात वाजता ठाण्याला परत चढून दाखवा मला. दादरला सुद्धा नको. त्यापेक्षा ऑफिसमधून अर्धा तास उशिरा निघा, सीएसएमटीला प्लॅटफॉर्मवर बसून बोला, बसायला पण जागा मिळेल.

डोंबिवलीकरीण
हे मात्र सुचलं नव्हतं मला. मुलाला क्लासवरून आणायचं सासूबाईंना सांगून बघते. शाळेत उद्या अर्ज देते, फॉर्म पण पाठवते. काका, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता मराठीत लिहिला तर चालेल?

निवृत्त_सुभेदार
समोरचा पत्ता इंग्रजीत, कॅपिटलमध्ये. मागे तुमचा कसाही. फॉर्म घडी घालू नका, मोठं पाकीट घ्या. आणि चार ओळी पोराच्या हातच्या घाला, नाहीतर तो म्हणेल बायकोने नुसता फॉर्म पाठवला.

अथर्व_ठाणे
माझा भाऊ सीआरपीएफमध्ये आहे, त्यांना पण 56 एपीओच का?

फौजीची_बायको
कॅन्टीन कार्डाचं कोणी सांगितलंच नाही.

निवृत्त_सुभेदार
दोघांनी वेगळे धागे काढा.