सीडी१० पॉझिटिव्ह, डेस्मिनही जागोजागी: स्ट्रोमल सार्कोमा म्हणायचा का?

हिस्टो_सोलापूर
फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची सौम्य गाठ) म्हणून तपासणीला आलेलं गर्भाशय. भिंतीत ६ सेंमीची मऊ, पिवळसर गाठ. कापल्यावर फायब्रॉइडसारखी फुगून वर आली नाही. स्लाइडवर लहान, गोल-अंडाकृती पेशींची दाटी, मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) जवळपास नाहीत. सीडी१० (स्ट्रोमल पेशींचा मार्कर) सगळीकडे, डेस्मिन (स्नायूचा मार्कर) जागोजागी. सेल्युलर लिओमायोमा (दाट पेशींचा फायब्रॉइड) की लो-ग्रेड एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा (गर्भाशयाच्या अस्तरातल्या आधारपेशींचा, संथ वाढणारा कर्करोग)? इथे हे दोनच मार्कर होतात. फिशसाठी (जनुकांतले फेरबदल दाखवणारी चाचणी) पुण्याला काय पाठवायचं?

स्लाइडबॉक्स
सर, मार्कर बाजूला ठेवा, आधी कड बघा. गाठ आणि मायोमेट्रियम (गर्भाशयाचा स्नायू) एकाच ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेला तुकडा) येतील असे आणखी तुकडे घ्या, जमलं तर सगळी कडच. पेशींच्या जिभा स्नायूत घुसल्यात? शिरांत गाठ आहे? मग सार्कोमा. कड गुळगुळीत, किंवा ३ मिमीपेक्षा लहान एक-दोनच फुगवटे आणि शिरा मोकळ्या, तर स्ट्रोमल नोड्यूल, म्हणजे सौम्य. स्पायरल आर्टेरिओलसारख्या (अस्तरातल्या वळणदार धमन्या) बारीक वाहिन्या आणि त्यांच्याभोवती फिरलेल्या पेशी असतील तर स्ट्रोमल. जाड भिंतीच्या मोठ्या वाहिन्या आणि फटी दिसल्या तर लिओमायोमा. मायटोसिस कमी म्हणून सार्कोमा सोडू नका, लो-ग्रेडमध्ये ते कमीच असतात.

ब्लॉक_आणि_बाथ
सीडी१० सेल्युलर लिओमायोमातही येतो आणि डेस्मिन स्ट्रोमल गाठीतही थोडा येतो, त्यामुळे हे दोन मार्कर वाद मिटवत नाहीत. बाहेरून एच-काल्डेस्मॉन करून घ्या; स्नायूच्या गाठीत तो जोरात येतो. ईआर-पीआर (इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) दोन्हीकडे पॉझिटिव्ह, उपचारासाठी मात्र हवेत. गोल पेशींचा, भरपूर मायटोसिसचा भाग सापडला तर सायक्लिन डी१ हा मार्करही लावा, हाय-ग्रेड (जास्त आक्रमक) सार्कोमाची शंका घ्या.

फिशला सुट्या स्लाइड नकोत, ब्लॉक आणि त्याचीच एच-अँड-ई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड पाठवा, गाठीचा भाग खूण करून. जेएझेडएफ१ ब्रेक-अपार्ट प्रोब (हे जनुक तुटलंय का ते दाखवणारा) मागा. फेरबदल साधारण निम्म्या केसेसमध्येच सापडतो, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टने निदान बाद होत नाही. मे महिन्यात ब्लॉक बसच्या डिकीत टाकू नका. मेण ५६-५८ अंशांना वितळतं, पण त्याआधीच मऊ पडतं. थर्माकोल आणि आइस पॅक वापरा.

स्लाइडबॉक्स
फिक्सेशनचंही तपासा. गर्भाशय न उघडता फॉर्मलिनमध्ये टाकलं की आतला भाग कुजतो आणि फिशला सिग्नल येत नाही. उभं चिरून, दहापट १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, किमान ६ तास, ७२ च्या पुढे नको.

हिस्टो_सोलापूर
कडेचे तुकडे घेतो. अशी गाठ क्युरेटिंगमध्ये (गर्भाशयातून खरवडलेले तुकडे) आली तर?

ब्लॉक_आणि_बाथ
तिथे कड दिसतच नाही. ‘एंडोमेट्रियल स्ट्रोमल ट्यूमर, नेमका प्रकार गर्भाशय पाहिल्यावर’ एवढंच लिहा.