मदत हवी आहे: हाउस रेन या छोट्या पक्ष्याचे घरटे रिकामे आहे की वापरातले?

न्यू जर्सीतील आमच्या परसात ब्लूबर्ड पक्ष्यांना घरटे करण्यासाठी लावलेली दीड इंची भोकाची पेटी आणि शेजारची चिकडी पक्ष्यांसाठीची पेटी, अशा दोन्ही पेट्या एका हाउस रेन नराने काड्यांनी गच्च भरल्या आहेत. नर अनेक पोकळ्यांत काड्या रचतो आणि मादी त्यांपैकी एकीतच अस्तर घालते, हे मला ठाऊक आहे. (दहा-बारा ग्रॅमचा हा जीव इतर पक्ष्यांची अंडी फोडायलाही कचरत नाही!) ब्लूबर्डची पेटी झुडपांपासून दूर उघड्यावर हलवली, तरी त्याने तिथेही काड्या आणल्या. टॉर्च आणि आरसा लावूनही ढिगामागची घरट्याची वाटी (अंडी घालायचा खोलगट भाग) दिसत नाही. अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार संरक्षण असल्याने अंड्यांच्या घरट्याला मला हात लावायचा नाही. तेव्हा काड्या न उसकटता, कोणत्या पेटीत मादीने अस्तर घातले आहे हे खात्रीने कसे ओळखावे?