चालू योजनेचं नाव न घेता सार्वजनिक धोरण शिकवायचं कसं? (सीएचबीवर आहे, मदत हवी)

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राज्यशास्त्र शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे आणि तेही कधी येतील ते देवाला ठाऊक. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालीये, पीएचडी रखडलीये, ते रडगाणं परत कधीतरी. यंदा टीवायचा, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा, सार्वजनिक धोरण हा पेपर माझ्या गळ्यात पडला कारण पर्मनंट सरांना तो नको होता.

तर झालं असं की धोरण म्हणजे काय ते सांगायला मी लाडकी बहीण घेतली. दुसरं काय घेणार, वर्गातल्या निम्म्या पोरींनी आईचा फॉर्म स्वतः मोबाईलवर भरलाय. मी एवढंच म्हणाले की महिन्याला १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार, गुणिले लाभार्थी, हा पैसा कुठून येणार आणि त्यापायी दुसरं कुठलं काम मागे पडणार हे विचारायचं, ह्यालाच धोरणाचा अभ्यास म्हणतात. कुणीतरी त्यातलं शेवटचं अर्धं वाक्य रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या ग्रुपवर फिरलं, वर लिहिलेलं 'मॅडम म्हणतात योजना बंद करा'. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. ओरडले नाहीत, चहा दिला (चहा दिला की समजून जायचं) आणि म्हणाले, चालू योजनांचं नाव नको, पुस्तकातलंच घ्या.

पुस्तकात काय, तर लासवेल, ईस्टन असे अमेरिकन अभ्यासक आणि त्यांच्या आकृत्या, चौकटी आणि बाण. मागण्या आत जातात, धोरण बाहेर पडतं. आमच्या पोरांना धोरण म्हटलं की धोरणी माणूस आठवतो, म्हणजे गावातला पक्का बेरकी. जीआर (शासन निर्णय) म्हटलं की मात्र लगेच ट्यूब पेटते. पुढच्या वर्षी परत घेतील की नाही हे प्राचार्यांच्या हातात, त्यामुळे भांडण परवडणारं नाही. पण बाण काढत वर्ष घालवायचं पण जिवावर येतं. कुणी शिकवलाय का हा पेपर? काय केलंत?

*

प्रतिसाद १
रोजगार हमी योजना (रोहयो) घ्या, त्यावर कोण भांडायला येतंय! मी रिटायर होईपर्यंत तेच घेत होतो. ७२ चा दुष्काळ, योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती, १९७७ ला कायदा, २००५ ला दिल्लीने देशभर कायदा केला. पण सुरुवात पैशापासून करा. तुमच्या पर्मनंट सरांची पगाराची स्लिप मागा, त्यात महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर कापलेला दिसेल. हा कर १९७५ ला रोहयोसाठीच आणला. शहरातल्या नोकरदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराला काम. पैसा कुठून येणार हा तुमचाच प्रश्न, फक्त आता कुणी क्लिप करणार नाही.

प्रतिसाद २
ताई, आधी नोकरी सांभाळा. सीएचबीवाल्याच्या बाजूने कुणी उभं राहत नाही, अनुभवाने सांगतोय.

प्रतिसाद ३
रोहयो ठीक आहे पण चालू योजना अजिबातच सोडू नका, नाहीतर पोरांना वाटेल धोरण म्हणजे इतिहास. मी तोंडाने काही बोलतच नाही, कागद वाटते. शासनाच्या वेबसाईटवर जीआर मराठीतच मिळतात. लाडकी बहीणचा २८ जून २०२४ चा जीआर आणि ३ जुलैचा सुधारित, दोन्हीची प्रिंट काढा. पहिल्यात वयाची अट ६० पर्यंत, दुसऱ्यात ६५. पहिल्यात पाच एकर जमिनीची अट, दुसऱ्यात गायब. पाच दिवसांत हे का बदललं असेल, एवढंच फळ्यावर लिहायचं आणि गप्प बसायचं. कोण बाहेर राहिलं असतं, कोणी ओरड केली असेल, पोरं स्वतःच काढतात. तुमचे बाण त्यातच आले. आणि क्लिप झालीच तर त्यात तुम्ही शासनाचा कागद वाचताय, बोला काय बोलायचं ते.

*

धागाकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. स्लिपची गंमत म्हणजे आम्हाला स्लिपच मिळत नाही, त्यामुळे कर कापतात का तेही आज पहिल्यांदा डोक्यात आलं. माझी आजी ७२ ला खडी फोडायला जायची, सुकडी आणि लाल मिलोच्या (दुष्काळात मिळायचं ते खाणं) गोष्टी लहानपणी शंभरदा ऐकल्यात, आणि ह्याचा माझ्या पेपरशी काही संबंध आहे हे मला सुचलं नाही, कमाल आहे माझी. सोमवारी पोरांना घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगते. जीआरचं दिवाळीनंतर बघते, प्राचार्यांना प्रिंट आधी दाखवून.

प्रतिसाद १ वाले सर, रोहयो कायद्यावर तेव्हा सभागृहात झालेली भाषणं मराठीत वाचायला कुठे मिळतील? पंधरावीस पानं झेरॉक्स करता आली तरी चालेल.