वजावट, को-पे आणि पदरमोड : नेमका अर्थ काय?

गेल्या महिन्यात वडिलांना (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) तीन दिवस ॲडमिट करावं लागलं, इथेच नाशिकला, आता बरे आहेत. पण मेडिक्लेमच्या कागदावरचा एक शब्द आम्हाला फार महागात पडला म्हणून विचारतोय. शब्द आहे वजावट. मराठी माहितीपत्रकात "वजावट रु. २५,०००" छापलेलं आणि अण्णांनी हा शब्द आयुष्यभर इन्कम टॅक्समध्येच वाचलेला, ८०डीची (विम्याच्या हप्त्यावरची) वजावट म्हणजे आपला फायदा, त्यामुळे त्यांना वाटलं इथेही २५ हजारांची सूट आपल्यालाच. आहे नेमकं उलटं, तेवढे पहिले पैसे आपण भरायचे आणि कंपनी त्याच्या पुढून सुरू होते. इंग्रजीत डिडक्शन (करातली सूट) वेगळं आणि डिडक्टिबल (हे आधी भरायचे पैसे) वेगळं, मराठी करणाऱ्याने दोन्हीला वजावटच लावून दिलं.

बिल झालं ६८,०००. त्यातले २५ आमचे, उरले ४३, त्यावर ज्येष्ठ नागरिक म्हणून २० टक्के को-पे (उरलेल्या बिलातला आपला वाटा) म्हणजे अजून ८,६००. कंपनीचे ३४,४०० आणि आमचे ३३,६००, जवळजवळ निम्मे! अण्णा डिस्चार्जच्या काउंटरवर चष्मा पुसून पुसून तोच कागद वाचत होते, म्हणाले, "अरे वजावट आहे ना, मग माझ्याकडनं का वजा करतायत?" मला उत्तर देता आलं नाही.

तर डिडक्टिबलला चांगला शब्द सुचवा. आणि आउट ऑफ पॉकेटला, म्हणजे आपल्या खिशातून जातात त्या पैशांना, पदरमोड चालेल का?

— पदरमोड नको दादा. पदरमोड माणूस मनाने करतो, आणि बहुतेक दुसऱ्यासाठी किंवा चार लोकांच्या कामासाठी. मंडळाची वर्गणी कमी पडली म्हणून कुणी खिशातले घातले, बाईंनी वर्गातल्या पोरांना वह्या घेऊन दिल्या, ती पदरमोड. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या स्वतःच्या पैशाने आणल्या तर ते नुसते पदरचे पैसे. माझी आजी खरंच पदराच्या टोकाला गाठ मारून पैसे ठेवायची, भाजीवाल्यापुढे ती गाठ दाताने सोडायची, मला तो शब्द ऐकला की तेच दिसतं. "पदरचा खर्च" म्हणा, कुणालाही कळेल. भुर्दंड मात्र म्हणू नका, भुर्दंड नाहक असतो, हे तर पॉलिसीत लिहिलेलं होतं.

— ताई, लिहिलेलं होतं पण कळेल असं लिहिलेलं नव्हतं, अशा वेळी मी तरी भुर्दंडच म्हणेन. को-पेचं अजून एक सांगतो. माझी मुलगी अमेरिकेत असते, ती म्हणते औषधाला को-पे दहा डॉलर. तिकडे को-पे म्हणजे ठरलेली रक्कम आणि टक्क्यात भरायचं असेल तर त्याला कोइन्शुरन्स म्हणतात. आपल्याकडे मात्र टक्क्यालाच को-पे म्हणतात, त्यामुळे फोनवर आमचा नेहमी घोळ. तिकडे औषधांच्या पायऱ्या असतात, जेनेरिक खालच्या पायरीवर आणि स्वस्त, महागडं ब्रँडेड वरच्या. आणि वर्षभरात पदरचे जास्तीत जास्त किती जाणार याला मर्यादा असते, मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्यात औषधांसाठी ती २०२५ साली २,००० डॉलर होती.

— धन्यवाद दोघांनाही. "पदरचा खर्च" पक्कं. डिडक्टिबलला मी "आधी आपण भरायची रक्कम" असंच लिहिणार, लांब आहे पण अण्णांना एका वाचनात कळलं, संस्कृत जोडशब्द केला तर परत तेच होईल. को-पेला "आपला टक्का" कसा वाटतो?

अजून एक, आमच्याही लक्षात आलं नव्हतं. डिस्चार्जनंतरची औषधं त्याच आजाराची असतील तर बऱ्याच पॉलिसीत ६० दिवसांपर्यंत क्लेम करता येतात, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणि पक्कं बिल लागतं. आम्ही गोळे कॉलनीतून (नाशिकचा औषधांचा बाजार) स्वस्त पडतात म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या बिल न घेताच आणल्या होत्या. आता अण्णा स्वतः मागून घेतात, चिठ्ठीला टाचणी लावून फाईलला ठेवतात.